पांडेसऱ्याच्या वर्गात फिलाडेल्फिया

६ मार्च १७७५ रोजी सुरतेत एक तह झाला. पुण्यातून परागंदा झालेले रघुनाथराव आणि ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई सरकार यांच्यातला हा तह. पेशवाई मिळवून देण्यासाठी कंपनीने अडीच हजार सैनिक द्यायचे आणि बदल्यात रघुनाथरावांनी साष्टी व वसई तोडून द्यायची, शिवाय सुरत आणि भडोचच्या महसुलातला वाटाही. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, १९ एप्रिल १७७५ रोजी, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावात इंग्रज फौज आणि स्थानिक शेतकऱ्यांची तुकडी समोरासमोर आली, गोळी सुटली आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले.

मराठी विद्यार्थ्याला यातली पहिली तारीख कधीतरी भेटते. दुसरी भेटलीच तर 'जगाचा इतिहास' नावाच्या वेगळ्या कप्प्यात भेटते. दोन्ही तारखा एकाच फळ्यावर शेजारीशेजारी लिहिल्या जात नाहीत. त्या तशा लिहिल्या जाव्यात, आणि त्या लिहिण्यासाठी सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मराठी वर्गाइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे आमचे मत आहे.

आधी या दोन तारखांमधला धागा पाहू. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. बंगालची दिवाणी हाती येऊनही तिजोरी रिकामी, आणि लंडनच्या गोदामांत न खपलेल्या चहाचे ढीग. ब्रिटिश पार्लमेंटने तिला वाचवण्यासाठी एकाच वर्षात दोन कायदे केले. एकाने कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत दिली. दुसऱ्याने, म्हणजे आपण ज्याला रेग्युलेटिंग अॅक्ट म्हणतो त्याने, मुंबई आणि मद्रासच्या कारभारावर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचा अंकुश बसवला. पहिल्या कायद्यामुळे १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. दुसऱ्याच्या जोरावर कलकत्ता कौन्सिलने सुरतेचा तह अमान्य केला आणि पुणे दरबाराशी १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. चारच महिन्यांनी, ४ जुलैला, फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला.

अमेरिकेतल्या लोकांना या कंपनीची ओळख नव्हती असे नाही. पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी १७७३ च्या नोव्हेंबरात टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात बंगालच्या दुष्काळाचा दाखला दिला होता: ज्या कंपनीने आशियात लाखो माणसे उपाशी मरू दिली, तीच आता आपल्या दारात येते आहे, असा त्याचा रोख होता. १७७० च्या दुष्काळातले बंगालचे मृत हे अमेरिकन क्रांतीच्या युक्तिवादाचा भाग होते. आणि ज्या कंपनीविरुद्ध हे लिहिले जात होते, तिची भारतातली सुरुवातीची वखार होती सुरतेत, तापीच्या काठी.

आता पांडेसऱ्याविषयी. उधन्याला लागून असलेली ही औद्योगिक वसाहत. कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्या, आजूबाजूला यंत्रमागांची सांचाखाती, बारा-बारा तासांच्या पाळ्या. इथला कामगार बाहेरून आलेला. गंजामचा ओडिया, उत्तर प्रदेश-बिहारचा हिंदी भाषक, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेला खानदेशी. खानदेशी घरातले मूल घरात अहिराणी बोलते, मराठी शाळेत प्रमाण मराठी शिकते, गल्लीत हिंदी आणि बाजारात गुजराती बोलते. सुरत महानगरपालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया अशा माध्यमांच्या शाळा चालवते. आपल्या देशात ही गोष्ट फार थोड्या शहरांत पाहायला मिळते, आणि तिचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही.

या मुलांचे आयुष्य दोन राज्यांत विभागलेले आहे. जन्म सुरतेत, शेत आणि आजी-आजोबा अमळनेर किंवा शिंदखेड्याच्या बाजूला, जातीच्या दाखल्याचा पुरावा तिकडच्या तहसील कचेरीत, मतदारयादीतले वडिलांचे नाव कधी इथे, कधी तिथे. एका देशाचा नागरिक म्हणून काय मिळते आणि एका राज्याचा रहिवासी म्हणून काय मिळते, हा प्रश्न त्यांच्या घरी कागदपत्रांच्या पिशवीत रोज असतो. अमेरिकेच्या सुरुवातीच्या राजकीय इतिहासाचा गाभाही हाच प्रश्न आहे. तेरा स्वतंत्र वसाहतींनी राजाला घालवले खरे; पण आता आपण तेरा देश आहोत की एक, आणि एक असू तर कोणत्या बाबतीत, हे ठरवायला त्यांना पुढची पंधरा वर्षे लागली. त्यातले एक उत्तर चुकले, ते टाकून दुसरे शोधावे लागले.

चुकलेले उत्तर आधी शिकवावे. १७८१ साली अमलात आलेल्या पहिल्या करारनाम्यात, 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'मध्ये, मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे, आणि त्यांनी दिले तर दिले. करारात दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. मराठी विद्यार्थ्याला हे समजायला अवघड नाही. त्याच दशकांत पुण्याची गादी, शिंदे, होळकर, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांचे एकमेकांशी काय नाते होते, हे तो शिकलेला असतो. शत्रू समोर असेपर्यंत एकत्र आणि खर्चाचा प्रश्न आला की ज्याचा तो मुखत्यार, ही अवस्था दोन्हीकडे होती. तुलना फार ताणू नये: तिकडे निवडून आलेल्या विधानसभा होत्या, इकडे वंशपरंपरेच्या सरदाऱ्या. पण पैसा आणि सैन्य हातात नसलेले केंद्र किती काळ टिकते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

हे केंद्र किती दुबळे होते, ते १७८६ च्या शरद ऋतूत उघडे पडले. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांवर कर्जे होती, आणि राज्याने कर रोख नाण्यांत मागितला. नाणी कुणाकडे नव्हती. त्यातल्या अनेकांनी स्वातंत्र्ययुद्धात लढून पगारही पुरता पाहिला नव्हता. जमिनी जप्त होऊ लागल्या तेव्हा त्यांनी जमाव करून न्यायालये बंद पाडली. त्यांचा एक पुढारी डॅनियल शेज हा युद्धातला कॅप्टन होता. काँग्रेसकडे फौज उभारायला पैसा नव्हता. अखेर बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सैनिक उभे केले आणि १७८७ च्या सुरुवातीला उठाव मोडला.

कर्ज, जप्ती, कोर्ट हे शब्द खानदेशातून आलेल्या घरात समजावून सांगावे लागत नाहीत. इथे शिक्षकाने १२ मे १८७५ ची सुपे गावातली घटना जोडून घ्यावी. पुणे जिल्ह्यातल्या या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली, आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. तिकडे न्यायालयाचे दार अडवले, इकडे कागद जाळला. दोघांनाही नेमके कळले होते की आपली जमीन कशाच्या जोरावर जाते. दख्खनच्या दंग्यांनंतर इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना काहीसा दिलासा देणारा कायदा केला. शेजच्या उठावानंतर अमेरिकेतली मालदार आणि कर्ती माणसे घाबरली आणि फिलाडेल्फियाला जमून त्यांनी नवी राज्यघटना लिहिली. ती घटना शेतकऱ्याच्या बाजूने होती की सावकाराच्या, हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. अमेरिकन इतिहासकार त्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत आले आहेत. पंधरा वर्षांच्या मुलालाही त्यात मत असू शकते, आणि ते ऐकून घ्यावे.

फिलाडेल्फियाची सभा २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ अशी चालली. बारा राज्यांचे मिळून ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवले नाही. भर उन्हाळ्यात खिडक्या बंद, दारावर पहारा, आणि आतले बाहेर सांगायचे नाही असा नियम. जेम्स मॅडिसन यांनी रोज टिपणे काढली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये छापली गेली. सर्वांत मोठे भांडण झाले ते वाट्याचे. व्हर्जिनियासारखी मोठी राज्ये म्हणत, माणसे मोजून जागा द्या. डेलावेअरसारखी छोटी म्हणत, राज्य म्हणून आम्ही बरोबरीचे. शेवटी प्रतिनिधीगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन, असा तोडगा निघाला.

आणि माणसे मोजायची तर गुलाम मोजायचे की नाही? दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची, असे ठरले. हा भाग वर्गात सावकाश शिकवावा लागतो, कारण तो हमखास उलटा समजला जातो. पाचास तीन धरले म्हणजे गुलामाला तीनपंचमांश हक्क मिळाले, असे मुलांना वाटते. हक्क शून्य होते. गुलामांचे मालक त्यांना पूर्ण मोजा म्हणत होते, कारण जितकी डोकी तितक्या मालकांच्या जागा जास्त. ज्याला मत नाही, त्याच्या डोक्यावर त्याच्याच मालकाची ताकद वाढत होती. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांत जवळपास ७ लाख गुलाम होते. तरीही मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही आलेला नाही. 'इतर सर्व व्यक्ती' असे म्हणून काम भागवले आहे. जो अन्याय लिहायचा आहे पण ज्याचे नाव घ्यायची लाज वाटते, तो कायद्याच्या भाषेत कसा लपतो, हे मुलांना दाखवायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. मूळ रहिवाशांतले कर न भरणारे लोक तर मोजणीतूनच वगळले होते.

३९ प्रतिनिधींनी सही केली आणि मसुदा राज्याराज्यांच्या परिषदांपुढे गेला. वृत्तपत्रांशी नाते असणाऱ्या कुणालाही हा काळ जवळचा वाटेल. मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी एकाच टोपणनावाने घटनेच्या बाजूने ८५ लेख लिहिले. विरोधकांनीही तितक्याच ताकदीने लिहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा फरकांनी घटना मंजूर झाली. ऱ्होड आयलंडने १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी होकार दिला. जगातली सर्वांत जुनी चालू लिखित राष्ट्रीय घटना म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती इतक्या थोड्या मतांनी तरली. आणि हरलेल्यांचे म्हणणेही वाया गेले नाही: नागरिकांचे हक्क लिहून ठेवा, ही त्यांची मागणी पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने १७९१ च्या डिसेंबरात घटनेत आली. आज अमेरिकन माणूस भाषणस्वातंत्र्याच्या ज्या कलमाचा आधार घेतो, ते मतदानात हरलेल्या बाजूने मिळवून दिलेले आहे.

महाराष्ट्राने हा इतिहास फार पूर्वी आपलासा केला होता. जोतीराव फुले तरुणपणी थॉमस पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचून प्रभावित झाले. पेन हे तेच लेखक, ज्यांच्या १७७६ च्या छोट्या पुस्तिकेने अमेरिकेतल्या सामान्य माणसाला स्वातंत्र्याच्या बाजूला वळवले. १८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. अमेरिकेच्या घटनेने जे नाव लपवले होते, तेच पुण्यातल्या एका लेखकाने आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापले. फुल्यांनी अमेरिकेची आंधळी स्तुती केली नाही. त्या देशाने स्वतःच्या घोषणेशी केलेली फसवणूक आणि ती दुरुस्त करण्यासाठी तिथल्याच माणसांनी दिलेली किंमत, हे दोन्ही त्यांनी पाहिले. शाळेत हा इतिहास कसा शिकवावा, याचा नमुना आपल्याकडे दीडशे वर्षे पडून आहे.

दुसरा नमुना सुरतेला आणखी जवळचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, ज्यांच्या राज्यात शेजारचा नवसारी प्रांत होता, स्वतः अमेरिका पाहून आले होते. त्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पस्तीस वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांच्या भाषणात तो अभ्यास पानोपानी दिसतो. अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी आहे, एक देशाचे आणि एक राज्याचे. त्यामुळे तिथली राज्ये आपल्या रहिवाशांना काही गोष्टी देतात आणि बाहेरच्यांना नाकारतात. आपल्या मसुद्यात मात्र नागरिकत्व एकच, भारताचे, हे त्यांनी मुद्दाम सांगितले. राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले. आपण ते आधीच स्पष्ट केलेले बरे, असेही ते म्हणाले.

हा मुद्दा पांडेसऱ्यात शिकवताना शिक्षकाने पुढचेही प्रामाणिकपणे सांगावे. नागरिकत्व एक असले तरी अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. महाराष्ट्रातून गुजरातेत स्थायिक झालेल्या कुटुंबाला आपल्या मूळ राज्यातल्या जातीच्या आधारावर नव्या राज्यात आरक्षणाचा लाभ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हे सांगितले आणि २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या सेवांबाबत ते पुन्हा कायम केले. त्यामागे कारण आहे: एखादी जात एका प्रदेशात ज्या स्थितीत आहे, त्याच स्थितीत दुसरीकडे असेल असे नाही, आणि तिथल्या मूळच्या वंचितांचा वाटा कमी होऊ नये. पण पांडेसऱ्यात जन्मलेल्या, आजोबांच्या गावी महिनाभरही न राहिलेल्या मुलीला या तर्काची झळ लागते, हेही खरे. मॅडिसनच्या घटनेतही याच जातीचा एक पेच आहे. चौथ्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यातही नागरिकाचे हक्क मिळतील, असे वचन आहे. आणि त्याच कलमात, दुसऱ्या राज्यात पळून गेलेला गुलाम मालकाला परत केला पाहिजे, असाही हुकूम होता. सीमा ओलांडल्यावर माणसाबरोबर काय जाते आणि काय मागे राहते, याचे उत्तर एका ओळीत कुणालाच देता आलेले नाही. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की मुलांना संघराज्य हा शब्द कळतो, व्याख्या पाठ न करता.

वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतील, आणि त्यांची अडचण खरी आहे. एनसीईआरटीच्या २००६ पासूनच्या पुस्तकमालेत नववीचा इतिहास फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू होतो. अमेरिकेच्या क्रांतीला तसे स्वतंत्र प्रकरण नाही. दहावीच्या राज्यशास्त्रात अमेरिका येते ती एकत्र येऊन झालेल्या संघराज्याचे उदाहरण म्हणून, काही ओळींत. त्या ओळींना हे सारे जोडायला तीन तास पुरतात. एका तासाला १७७३ चे दोन कायदे आणि सुरतेचा तह. दुसऱ्याला वर्गाचे तेरा गट करून जागांच्या वाटपाचे भांडण, ज्यात एका गटाला सर्वांत लहान राज्य आणि एकाला सर्वांत मोठे व्हावे लागेल. तिसऱ्याला आंबेडकरांचे भाषण. ते संविधान सभेच्या छापील वृत्तांतात मिळते आणि त्याचे मराठी भाषांतरही. परीक्षेत यावर प्रश्न येणार नाही. तरी शिकवावे.

या तिसऱ्या तासाला फळ्यावर उधना-जळगाव रेल्वेमार्ग काढता येईल. सुट्टीत गावी जाताना प्रत्येक मुलाने तो पाहिलेला असतो: बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव. १ मे १९६० पर्यंत या मार्गाची दोन्ही टोके एकाच मुंबई राज्यात होती. त्या दिवशी राज्य दुभंगले आणि सीमा नवापूरच्या स्थानकातून गेली. तिथे आजही तिकीट खिडकी महाराष्ट्रात आहे आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत.